शंभर पाकिटांची भिंत : एका तरुण संघाने शिबिराचा निधी कसा उभा केला

आमच्या चर्चच्या तरुण संघात २७ मुलंमुली आहेत, वयं १४ ते २२. गेल्या वर्षी सगळ्यांनी मिळून पाच दिवसांच्या शिबिराला जायचं ठरलं आणि नोंदणीच्या पहिल्याच बैठकीत नऊ जणांनी सांगितलं, "मला त्या दिवसांत जमणार नाही." नऊ जणांना एकाच आठवड्यात एकदम कामं निघत नाहीत. घरी फी परवडणार नव्हती, आणि ते चारचौघांत म्हणायचं नव्हतं.

मी या संघाचा मार्गदर्शक म्हणून काम करतो. पुढच्या पाच महिन्यांत आम्ही काय केलं, कुठे चुकलो आणि पैसे शेवटी कसे जमले, ते इथे सविस्तर मांडतो. रकमा मुद्दाम कुठल्याही चलनात दिलेल्या नाहीत. एक 'एकक' म्हणजे मंडळीतल्या (चर्चच्या सभासदांतल्या) सर्वांत गरीब घरातलं लहान मूलही सहज टाकू शकेल एवढी रक्कम, असं धरा. त्या मापाने आम्हाला ५२०० एकक हवे होते.

पहिला प्रयत्न : गाण्यांची संध्याकाळ

बहुतेक तरुण संघांना सुचतं तेच आम्हालाही सुचलं. तिकीट लावून गाण्यांचा कार्यक्रम करायचा. मुलं गातात छान, सभागृह चर्चचंच, मग अडचण काय? सात आठवडे तालीम झाली. कार्यक्रम रंगला, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. हिशोब मांडला तेव्हा तिकिटांचे १००० एकक आले होते आणि ध्वनियंत्रणा, दिवे, पडदा, छपाई, चहापाणी यांत ७१० गेले होते. हातात उरले २९०. सात आठवड्यांच्या कष्टांचे!

पण पैशांचं नुकसान हे त्यातलं लहान नुकसान होतं. प्रत्येकाला मी दहा-दहा तिकिटं विकायला दिली होती आणि ज्याची जितकी विक्री होईल तितकी त्याची फी कमी, असा नियम केला होता. उत्साह यावा म्हणून सभागृहाच्या दाराशी एक फळा लावला, त्यावर नावं आणि नावापुढे चांदण्या. ज्यांचे काका-मामा सुस्थितीत आहेत त्यांच्यापुढे दुसऱ्याच रविवारी दहा चांदण्या झाल्या. एक पंधरा वर्षांचा मुलगा मात्र तीन चांदण्यांवर अडला आणि पुढचे दोन रविवार आलाच नाही. नंतर गीतांची पुस्तकं आवरताना एका पुस्तकात त्याची उरलेली सात तिकिटं सापडली. व्यवस्थित, एकावर एक, रबर लावून ठेवलेली. त्याच्या वस्तीत तिकीट काढून गाणी ऐकायला येईल असं कुणी नव्हतंच. ज्या नऊ जणांसाठी हा खटाटोप चालला होता, त्यांच्यापैकीच तो एक होता.

त्या रात्री मी फळा उतरवला. मुलाच्या घरी जाऊन त्याची माफी मागितली. आणि नियम बदलला : यापुढे एकच गल्ला. कुणी किती आणले याची नोंद नाही. जे जमेल त्यातून २७ जणांची फी सारखी भरायची. ज्यांना फी परवडत होती त्यांच्या आईवडिलांपैकी दोघांनी विचारलं, "आमच्या मुलाने जास्त काम केलं तर त्याला काय?" प्रश्न रास्त होता. मी एवढंच म्हणालो की फक्त नऊ जणांसाठी पैसे जमवले तर ते नऊ जण कोण हे पाचव्या मिनिटाला सगळ्या मंडळीला कळेल. दोघांनाही पटलं.

पुढची बैठक

पुढच्या शनिवारी मुलं हिरमुसून बसली होती. त्यांना मी एक खरी घडलेली गोष्ट सांगितली. १९९० साली अमेरिकेत साउथ कॅरोलायना राज्यातल्या कोलंबिया शहरात स्प्रिंग व्हॅली प्रेस्बिटेरियन चर्चच्या तरुणांनी एक साधी गोष्ट केली. तिथे दरवर्षी एका रविवारी अमेरिकन फुटबॉलचा सर्वांत मोठा सामना असतो, अख्खा देश दूरदर्शनसमोर. त्या रविवारी उपासना संपल्यावर ही मुलं सूपची पातेली घेऊन दारात उभी राहिली आणि भुकेल्यांसाठी माणशी एक डॉलर मागितला. शहरातली २२ चर्चेस त्या पहिल्या वर्षी सामील झाली आणि सुमारे ५,७०० डॉलर जमले. पुढे ही चळवळ देशभर पसरली. ना मंच, ना तिकीट, ना ध्वनियंत्रणा. खर्च जवळजवळ शून्य, मागणी प्रत्येकाला झेपेल एवढी, आणि पैसे कुठे जाणार हे हातातल्या पातेल्यावरूनच समजतं.

मुलांनी यातून तीन प्रश्न काढले आणि प्रत्येक कल्पना त्यांवर घासून पाहिली. आधी किती खर्चावं लागेल? जवळ पैसे नसलेल्या माणसालाही यात मानाने भाग घेता येईल का? आणि करताना आपल्याला मजा येईल का? तिसरा प्रश्न मुलांचा होता आणि तो मी हसण्यावारी नेला नाही. कंटाळलेल्या मुलांनी मागितलेले पैसे लोक कर्तव्य म्हणून देतात. हसऱ्या मुलांना लोक स्वतःहून बोलावून देतात. संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो, असं बायबलमधल्या पत्रात प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो. तो संतोष मागणाऱ्याच्या चेहऱ्यावरही दिसायला हवा, असं मला वाटतं.

सोडतीची कल्पना लगेच बाद झाली. अनेक देशांत सोडतीला परवाना लागतो, आणि मेथडिस्टांसारख्या काही ख्रिस्ती परंपरांमध्ये जुगाराशी नातं असलेल्या मार्गांना पूर्वापार विरोध आहे. आमच्याही पंचांपैकी निम्मे नाराज झाले असते. दुसरी कल्पना मुलांना फार आवडली होती. अमेरिकेतले तरुण संघ प्लास्टिकच्या गुलाबी फ्लेमिंगोंचा थवा रात्रीतून कुणाच्या तरी अंगणात उभा करतात. घरमालकाने देणगी दिली की थवा उचलायचा आणि त्याने सुचवलेल्या पुढच्या घरी नेऊन ठेवायचा. (हे फ्लेमिंगो १९५७ साली डॉन फेदरस्टोन या शिल्पकाराने घडवले, तेव्हापासून ते तिथल्या अंगणांत आहेत.) कल्पना गमतीची खरीच. पण "आमच्याकडे थवा नको" म्हणून आगाऊ पैसे घेण्याचीही त्यात प्रथा आहे, आणि तिथे मला खटकलं. ज्याला नको आहे त्याने नको म्हणायचेही पैसे द्यायचे? शिवाय अंधारात अंगणात पावलं वाजली तर एकटं राहणारं म्हातारं माणूस घाबरेल. ती कल्पना आम्ही सोडली.

उरल्या दोन : बरण्या आणि पाकिटं.

बरण्यांची झुंज

चार काचेच्या बरण्या, चार गट : रविवारची शाळा, तरुण संघ, महिला मंडळ आणि ज्येष्ठ. नियम असा की आपल्या बरणीत नाणी टाकली की गुण वाढतात. दुसऱ्याच्या बरणीत नोट टाकली की त्याचे तितके गुण कमी होतात. पैसे मात्र नाणी असोत वा नोटा, सगळे एकाच गल्ल्यात. म्हणजे गुणांमध्ये हरणारी बरणी पैशांत सर्वांत भरलेली असू शकते, आणि खेळातली खरी गंमत तीच.

पहिल्या रविवारी लोकांनी सभ्यपणे आपापल्या बरणीत नाणी टाकली. दुसऱ्या रविवारी रविवारच्या शाळेतली सात वर्षांची एक मुलगी घडी घातलेली नोट आमच्या बरणीत सोडून पळत सुटली, आणि मग कुणी सभ्य राहिलं नाही. ज्येष्ठांची बरणी उणे गुणांत गेली तेव्हा पाळकसाहेब आशीर्वचन देऊन खाली उतरले ते थेट महिला मंडळाच्या बरणीकडे.

एक सावधगिरी सांगतो. आमचा बेत चार रविवारांचा होता, तो आम्ही दोनवर आणला. एका आईने येऊन शांतपणे सांगितलं होतं की घरात लेकरं दिवसभर नाणी मागतात आणि प्रत्येक वेळी नाही म्हणणं जड जातं. खेळाची झिंग ज्यांच्या खिशात काही नाही त्यांनाही चढते. दोन रविवारांत ६४० एकक जमले, ते पुरेसे होते. मोजणीला चार जणांना अडीच तास लागले. दहा-दहाच्या चळती लावायच्या, पन्नास चळती झाल्या की पिशवीला गाठ. शेवटी सगळ्यांची बोटं काळी झाली होती आणि हातांना धातूचा वास सुटला होता. बरण्यांचा खेळ करणाऱ्यांनी ही मोजदाद आधीच गृहीत धरावी.

भिंत

सभागृहाच्या लांब भिंतीवर मुलांनी १०० पाकिटं चिकटवली, दहा रांगा, प्रत्येक रांगेत दहा. पाकिटांवर १ ते १०० आकडे. ज्याला जे झेपेल ते पाकीट त्याने उचलायचं, आकड्याइतके एकक त्यात घालून परत द्यायचं. १ ते १०० ची बेरीज ५०५० होते. म्हणजे भिंत पूर्ण रिकामी झाली की गाण्यांच्या कार्यक्रमाची आणि बरण्यांची शिल्लक धरून आमचं काम झालं.

सगळी पाकिटं सारख्या रकमेची का नाहीत, असं एका पंचांनी विचारलं. हिशोबाला ते सोपं गेलं असतं, मान्य. पण मग लहान मुलं, विद्यार्थी, निवृत्त माणसं भिंतीकडे नुसती पाहत राहिली असती. पहिल्याच रविवारी एका विधवा आजींनी चष्मा सारून सगळी रांग न्याहाळली आणि २ नंबरचं पाकीट सोडवून घेतलं. मंदिराच्या भांडारात दोन टोल्या, म्हणजे अगदी लहान नाणी, टाकणारी बायबलमधली ती विधवा त्या क्षणी कितीजणांच्या मनात आली असेल! आजींनी मात्र पाकीट पदराखाली धरलं आणि मला विचारलं, "शिबिरात मुलांना पांघरुणं मिळतात ना रे?"

तीन रविवारांत १ ते ४० सगळी पाकिटं गेली. मुलं नाचायला लागली : "चाळीस टक्के झालं!" मी त्यांना बेरीज करायला बसवलं. १ ते ४० म्हणजे ८२०. एकूण ५०५० पैकी सोळा टक्के. नाचणं थांबलं.

हा मार्ग निवडणाऱ्या प्रत्येकाने हे गणित आधीच कागदावर मांडावं. पहिल्या ७० पाकिटांत मिळून २४८५ आहेत आणि शेवटच्या ३० पाकिटांत २५६५. अर्धे पैसे, किंबहुना अर्ध्याहून थोडे जास्तच, त्या वरच्या तीन रांगांत असतात. लोक खालून उचलतात, भिंत भराभर रिकामी होते, सगळ्यांना वाटतं झालंच, आणि मग मोठे आकडे महिनोन् महिने तसेच लटकत राहतात. मग मंडळीतल्या चार सधन घरांकडे सगळ्यांच्या नजरा वळतात. तेवढं मला होऊ द्यायचं नव्हतं. ती घरं एरवीही देतात, आणि त्यांनीच मुलांचं शिबिर विकत घेतलं असं व्हायला नको होतं.

मुलांनी त्यावर दोन उपाय काढले. दोन्ही त्यांचेच.

पहिला, वाटून घेणं. ७१ पासून पुढचं पाकीट एका माणसाने नव्हे, गटाने उचलायचं. घरोघरच्या प्रार्थनागटांनी, गायकवृंदाने, रविवारच्या शाळेच्या एकेका वर्गाने. दहा माणसांत ८० म्हणजे माणशी आठ. महिला मंडळाने एका दमात तीन पाकिटं नेली आणि ज्येष्ठांना तसं कळवलंही. बरण्यांची खुमखुमी अजून शिल्लक होती.

दुसरा उपाय म्हणजे कामाचे शनिवार. ज्याच्याकडे काही काम असेल त्याने भिंतीवरचं मोठं पाकीट निवडायचं, चार मुलं आणि एक मोठं माणूस अशी टोळी येईल, दिवसभर काम करेल, आणि काम झाल्यावर मालक ते पाकीट भरेल. असे पाच शनिवार झाले. अंगणं झाडली, गाड्या धुतल्या, कपाटं हलवली, माळे रिकामे केले, पुस्तकांना कव्हरं घातली, एका काकांना मोबाइलवर नातवाशी समोरासमोर बोलायला शिकवलं. जोडीशिवाय कुणी कुणाच्या घरात जायचं नाही, पालकांची लेखी संमती हवी, आणि रोख पैसे मुलांच्या हातात द्यायचे नाहीत, एवढे नियम कडक होते.

९४ नंबरचं पाकीट एका निवृत्त गृहस्थांनी घेतलं. काम म्हणजे पुठ्ठ्याच्या तीन खोक्यांतले जुने फोटो लावणं. ते एकेक फोटो हातात घेऊन नावं सांगत होते, मुलं पाठीमागे पेन्सिलीने लिहीत होती. पेनाची शाई कागदातून फुटते, हे मुलांना त्यांनीच शिकवलं. एका फोटोत आमचंच सभागृह निघालं, छप्पर चढायच्या आधीचं, आणि भिंतींवर उभी असलेली माणसं म्हणजे आज बसणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचे आजोबा. मुलं चारला परत यायची होती, ती सातला आली. गीतांच्या पुस्तकात तिकिटं लपवणारा मुलगाही त्या टोळीत होता. पुढच्या दोन शनिवारी तो त्यांच्याकडे पुन्हा गेला, कारण तिसरं खोकं अर्धं राहिलं होतं. त्या दोन फेऱ्यांसाठी कुठलंही पाकीट नव्हतं.

गल्ला आणि दोन माणसं

मोजणीबद्दल थोडं, कारण चांगले प्रयत्न इथेच नासतात. बायबलच्या जुन्या करारात मंदिराच्या दुरुस्तीची गोष्ट आहे. पैसे याजकांच्या हातून गोळा व्हायचे, आणि राजाच्या कारकिर्दीच्या तेविसाव्या वर्षापर्यंत दुरुस्ती झालेलीच नव्हती. मग यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडलं आणि ती वेदीशेजारी ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक असे दोघे येऊन मोजत, पिशव्यांत बांधत, आणि पैसे थेट काम करवून घेणाऱ्यांच्या हाती देत. पेटी उघड्यावर, मोजणारे दोन, ते दोन वेगवेगळ्या अधिकारांतले, आणि पैसे ज्या कामासाठी जमले त्याच कामाला. याहून नेमकी पद्धत मला आजवर सापडलेली नाही.

आम्ही तीच धरली. दर रविवारी खजिनदार काकू आणि तरुण संघाची एक सदस्य, एकमेकींच्या नात्यातल्या नसलेल्या, मिळून मोजत. दोघींच्या सह्या, पिशवीला सील, सोमवारी बँकेत. ऑनलाइन पैसे फक्त चर्चच्या खात्यावर. माझ्या किंवा कुणाच्याही खासगी नंबरवर एक एककही घ्यायचा नाही, हे मी स्वतः लिहून दारावर लावलं. पाकिटांच्या वहीत आकडा आणि परत आल्याची तारीख एवढंच, नावं नाहीत. भिंतीशेजारी जमलेल्या रकमेचा कागद दर आठवड्याला बदलायचा. पाकिटं किती गेली ते तिथे लिहिलं नाही, एकक किती आले ते लिहिलं. चाळीस टक्क्यांचा धडा पुरेसा होता.

अखेरचा हिशोब

अकराव्या आठवड्यात भिंत मोकळी झाली. १०० पैकी ९८ पाकिटं परत आली. ८८ आणि ९७ ही दोन आली नाहीत. नावं लिहिलेली नसल्याने ती कुणाकडे आहेत हे आम्हाला माहीत नाही, आणि शोधायचंही नाही असं मुलांनी मतदानाने ठरवलं. घेताना माणसाचा हेतू खरा असतो, मधल्या काळात घरात काय उद्भवलं असेल कोण जाणे. पाकिटांचे ४८६५, बरण्यांचे ६४०, गाण्यांच्या संध्याकाळचे २९०. एकूण ५७९५.

यातला दहावा भाग बाहेर द्यायचा, हे मुलांनी भिंत लावण्याआधीच ठरवलं होतं. आपण मागतोय तर आपणही द्यायचं, एवढं सरळ त्यांचं म्हणणं. पैसे कमी पडले असते तर हा निर्णय टिकला असता का, अशी मला धाकधूक होती. शेवटच्या आठवड्यात कागदावरचा आकडा वर सरकेना तेव्हा मीच चाचपून पाहिलं, तर सर्वांत लहान मुलगी म्हणाली, "ते आधीच दिलेत ना आपण?" पूर्णांकात ५८० एकक एका अनाथाश्रमाला गेले. उरले ५२१५. शिबिराचे ५२०० भरले, सत्तावीस नावांची एकच पावती आली, आणि त्या पाच दिवसांत कुणालाही दुसरं काम निघालं नाही.

राहिले १५. पाकिटं काढताना चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंगही पापुद्र्यासारखा सुटून आला होता, शंभर ठिकाणी शंभर पांढरे चौकोन. त्या पंधरा एककांत रंगाचा एक डबा आला आणि शिबिराहून परतल्यावर पहिल्याच शनिवारी मुलांनी भिंत रंगवली. पुढच्या वेळी दोऱ्या बांधून पाकिटं चिमट्यांनी अडकवायची, असं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं आहे.